दोन सोनोग्राफी, दोन आकडे: डोळ्यातली गाठ तीन आठवड्यांत वाढली का?

प्रश्न: माझ्या आईचे वय 57 आहे. चष्म्याचा नंबर तपासताना डॉक्टरांना तिच्या उजव्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, करड्या-तपकिरी रंगाचा उंचवटा दिसला. तिला स्वतःला काहीच त्रास नव्हता. डोळ्याची सोनोग्राफी केली. अहवालात ‘कोरॉइडमधील घुमटाकार गाठ, उंची 2.3 मि.मी., पायथा 7.8 गुणिले 6.9 मि.मी., अंतर्गत परावर्तन कमी ते मध्यम, डोळ्याबाहेर प्रसार नाही’ असे लिहिले असून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. आम्हाला धीर धरवला नाही, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरीकडे तपासणी करून घेतली, तर तिथे उंची 2.6 मि.मी. निघाली. गाठ इतक्या झपाट्याने वाढते आहे का? नुसत्या ध्वनिलहरींवरून ती कर्करोगाची आहे की नाही हे कसे कळते? सुईने तुकडा काढून किंवा एमआरआय करून एकदाच सोक्षमोक्ष का लावत नाहीत? प्रोब डोळ्यावर दाबल्याने गाठ फुटून पसरेल, अशी भीती नातेवाइकांनी घातली आहे. शिवाय पोटाचीही सोनोग्राफी करायला सांगितली आहे. तिचा डोळ्याशी काय संबंध?

उत्तर: तुमची झोप ज्या आकड्याने उडवली आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करू. तीन आठवड्यांत गाठ 0.3 मि.मी.ने वाढली असण्यापेक्षा ती दोन ठिकाणी दोन पद्धतींनी मोजली गेली असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. या प्रकारच्या गाठी वाढतात तेव्हा त्यांची वाढ सहसा काही महिन्यांच्या अंतराने केलेल्या तपासण्यांमध्ये दिसून येते, आठवड्यांच्या नव्हे. आणि दोन वेगळ्या यंत्रांवर, दोन वेगळ्या हातांनी घेतलेल्या मोजमापांत अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक पडला तरी त्याचे जाणकारांना आश्चर्य वाटत नाही.

असे का होते हे समजून घेतले, तर पुढचे अहवालही तुम्हाला नीट वाचता येतील. सोनोग्राफीचे यंत्र लांबी मोजत नाही, ते वेळ मोजते. प्रोबमधून निघालेला ध्वनीचा अतिसूक्ष्म स्पंद डोळ्यात शिरतो आणि जिथे जिथे ऊतीचा पोत बदलतो तिथून त्याचा काही अंश प्रतिध्वनी होऊन परत येतो. जाऊन-येऊन लागलेला वेळ आणि ध्वनीचा गृहीत धरलेला वेग यांच्यावरून अंतर काढले जाते. डोळ्यातल्या काचाभ जेलमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1532 मीटर आणि भिंगामध्ये सुमारे 1641 मीटर असतो. संपूर्ण डोळ्यासाठी 1550 च्या आसपासचा सरासरी वेग धरण्याची पद्धत आहे. तुमच्या दोन अहवालांतला 0.3 मि.मी.चा फरक वेळेच्या हिशेबात अर्ध्या मायक्रोसेकंदाहूनही कमी भरतो. डोळ्याच्या मागच्या भागासाठी साधारण 10 मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात आणि त्या कंपनसंख्येला एका लहरीची लांबीच सुमारे 0.15 मि.मी. असते. म्हणजे तुम्ही ज्याला वाढ समजत आहात, तो फरक अवघ्या दोन लहरींच्या लांबीइतका आहे. यंत्राच्या पडद्यावर दशांश चिन्हानंतर दोन आकडे दिसतात म्हणून मोजमाप तितके अचूक असते असे नाही.

त्याहून मोठा घोळ उंची मोजण्यासाठी पडद्यावरच्या चित्रात ज्या दोन खुणा ठेवतात, त्या कुठे ठेवल्या यातून होतो. कोरॉइड हा दृष्टिपटल म्हणजे रेटिना आणि बाहेरचे पांढरे श्वेतपटल यांच्या मधला, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर आहे. गाठ या मधल्या थरात असल्याने तिच्या माथ्यावर रेटिना पसरलेला असतो आणि पायथ्याखाली श्वेतपटल असते. रेटिनाची जाडी सुमारे पाव मिलिमीटर असते. एका तंत्रज्ञाने वरची खूण रेटिनाच्या पृष्ठभागावर ठेवली आणि दुसऱ्याने रेटिना सोडून गाठीच्या माथ्यावर ठेवली, तर एवढ्यानेच तुमच्या दोन आकड्यांतला बहुतेक फरक भरून निघतो. खालची खूण श्वेतपटलाच्या आतल्या कडेला ठेवायची असते. ती चुकून बाहेरच्या कडेला गेली तर डोळ्याच्या मागच्या भागात जवळजवळ एक मिलिमीटरची भर पडू शकते. शिवाय ध्वनीचा झोत गाठीच्या पायथ्यावर काटकोनात पडायला हवा. तो 30 अंशांनी तिरपा पडला, तर 2.3 मि.मी.ची गाठ पडद्यावर साधारण 2.65 मि.मी.ची दिसेल. तुमच्या दुसऱ्या अहवालात 2.6 आहे. तिथे नेमके हेच घडले असा माझा दावा नाही, पण गाठ तसूभरही न वाढता 2.3 चे 2.6 व्हायला किती थोडे पुरते, हे यावरून लक्षात यावे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, यापुढची मोजमापे एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर आणि शक्य असेल तर एकाच व्यक्तीकडून करून घ्यावीत. त्या त्या वेळी आधीच्या तपासणीची चित्रे शेजारी ठेवून तुलना झाली पाहिजे. पहिल्या केंद्राकडून नुसता छापील अहवाल न घेता खुणा ठेवलेल्या अवस्थेतली चित्रे मागून घ्या. ज्या अहवालात एक आकडा आहे पण तो कोणत्या छेदात, कुठून कुठपर्यंत मोजला हे दाखवणारे चित्र नाही, तो अहवाल माझ्या मते अर्धाच आहे, आणि असे अर्धे अहवाल दुर्दैवाने पुष्कळ दिले जातात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात काहीच गैर नाही. फक्त तसे करताना पहिली चित्रे सोबत न्यायची आणि ‘उंची किती?’ असे न विचारता ‘या चित्राच्या तुलनेत बदल दिसतो का?’ असे विचारायचे.

इतके सांगितल्यावर आता दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे, कारण वरचे वाचून तुम्ही तीन महिन्यांची भेट लांबणीवर टाकावी असे मला मुळीच वाटत नाही. कोरॉइडमध्ये त्वचेवर असतो तसा निरुपद्रवी तीळ पुष्कळ लोकांना असतो आणि तो बहुधा सपाट किंवा अगदी थोडा उंच असतो. तीळ पुढे मेलानोमा या कर्करोगात बदलण्याची शक्यता कोणत्या लक्षणांनी वाढते, याचा अभ्यास अनेक वर्षे झाला आहे. उंची 2 मि.मी.हून अधिक असणे, पायथ्याचा व्यास 5 मि.मी.हून अधिक असणे, सोनोग्राफीत गाठ आतून ‘पोकळ’ भासणे, रेटिनाखाली पाणी साठणे, पृष्ठभागावर नारिंगी रंगाचे ठिपके दिसणे आणि दृष्टी कमी होणे ही त्यांतली प्रमुख लक्षणे होत. तुमच्या आईंच्या बाबतीत उंची आणि व्यास ही पहिली दोन लक्षणे निश्चित आहेत, आणि परावर्तन, म्हणजे गाठीच्या आतून परत येणारा प्रतिध्वनी, ‘कमी ते मध्यम’ असल्याने तिसऱ्याचाही संशय घ्यावा लागतो. म्हणजेच डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावले आहे ते संशयामुळे, नेहमीची फेरतपासणी म्हणून नव्हे. त्यामुळे 2.3 की 2.6 या वादात वेळ न घालवता, डोळ्यातल्या गाठींवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना म्हणजे नेत्रकर्करोग विशेषज्ञांना एकदा दाखवून घ्या, आणि तेही तीन महिने पुरे होण्याची वाट न पाहता. तीन महिन्यांनी करायची तुलना कशी करायची, तोवर थांबायचे की लगेच उपचार करायचे, हे त्यांनी ठरवावे.

आता ध्वनीवरून रोग कसा ओळखतात, या प्रश्नाकडे वळू. डोळ्यातली गाठ शोधण्यासाठी ध्वनिलहरींचा वापर 1956 मध्ये मुंट आणि ह्यूज या दोघांनी प्रथम प्रसिद्ध केला, तेव्हा पडद्यावर चित्र नव्हते. नुसत्या उंच-सखल रेषा उमटत. त्या पद्धतीला ए-स्कॅन म्हणतात. दोन वर्षांनी बॉम आणि ग्रीनवुड यांनी डोळ्याचा छेद दाखवणारी बी-स्कॅन पद्धत मांडली, आणि आईंची झालेली तपासणी मुख्यतः तीच आहे. तुलनेने डोळा हा अवयव या तपासणीसाठी फार सोयीचा आहे, कारण तो शरीराच्या पृष्ठभागावर आहे, समोरून मागपर्यंत जेमतेम 23 ते 24 मि.मी.चा आहे आणि बहुतांश पाण्यासारख्या पदार्थाने भरलेला आहे. मोतीबिंदू पिकलेला असो की आत रक्त साचलेले असो, प्रकाशाची वाट जिथे बंद होते तिथेही ध्वनी जातो. डॉक्टरांना भिंगातून पाहताना काहीच दिसत नसलेल्या डोळ्यात मागे गाठ दडली आहे, हे पहिल्यांदा सोनोग्राफीतच कळल्याची उदाहरणे यामुळेच घडतात.

गाठ दिसली की तज्ज्ञ तिचा आकार, आतला पोत आणि हालचाल या तिन्ही गोष्टी पाहतो. मेलानोमाच्या पेशी दाट आणि एकसारख्या रचलेल्या असतात. आत पोताचा बदल थोडा, म्हणून प्रतिध्वनीही थोडा. ध्वनी आत शिरतो आणि खोल जाता जाता क्षीण होतो. त्यामुळे बी-स्कॅनमध्ये गाठीचा माथा उजळ, पण पायथ्याकडचा भाग काळपट आणि रिकामा भासतो. अहवालांत ‘पोकळ’ हा शब्द येतो तो या अर्थाने. आत खरोखर पोकळी असते असे नाही. गाठीने कोरॉइड आणि रेटिना यांच्यामधला ब्रूकचा पडदा फोडून वर डोके काढले तर तिचा आकार अळंबीसारखा होतो आणि तो आकार दिसल्यास मेलानोमाचे निदान पुष्कळच पक्के होते. आईंची गाठ घुमटाकार आहे; हा आकार निरुपद्रवी आणि घातक अशा दोन्ही गाठींत दिसतो, म्हणून त्यावरून कोणताच निष्कर्ष काढू नये.

याउलट कोरॉइडमधला हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ असते. तिच्यात रक्ताने भरलेल्या असंख्य कप्प्यांच्या भिंती असल्याने पावलोपावली प्रतिध्वनी उठतो आणि ती पडद्यावर आतून-बाहेरून उजळ दिसते. स्तन, फुप्फुस अशा अन्य अवयवांतल्या कर्करोगातून डोळ्यात आलेली गाठ बहुधा खडबडीत पृष्ठभागाची, पसरट आणि आतून विस्कळीत असते. लहान मुलांतल्या रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगात कॅल्शियमचे कण असतात. ते इतक्या जोराने प्रतिध्वनी देतात की यंत्राची संवेदनक्षमता बरीच कमी केली तरी चमकत राहतात आणि त्यांच्या मागे काळी सावली पडते. रेटिनाखाली साकळलेले रक्तही कधीकधी हुबेहूब गाठीसारखे दिसते, मात्र ते काही आठवड्यांत आपला पोत आणि उंची बदलते. थोडे थांबून पुन्हा तपासण्याला अर्थ आहे तो यासाठीही.

हालचालीचा मुद्दा छापील चित्रात कधीच दिसत नाही. गाठीत स्वतःचा रक्तप्रवाह असेल तर डोळा आणि प्रोब दोन्ही स्थिर असतानाही ए-स्कॅनच्या रेषा आतल्या आत थरथरतात. हे तपासणी चालू असतानाच पाहावे लागते. त्यामुळे डोळ्याची सोनोग्राफी ती करणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर फार अवलंबून असते. नेत्रतज्ज्ञ कार्ल ओसॉइनिग यांनी ए-स्कॅनची प्रमाणित पद्धत बसवली ती याच अडचणीवर उपाय म्हणून: यंत्राची संवेदनक्षमता आधी ठरावीक पातळीवर आणायची, म्हणजे इथली ‘कमी’ आणि तिथली ‘कमी’ एकाच अर्थाची राहील. तुमच्या दोन्ही केंद्रांपैकी कुठे प्रमाणित ए-स्कॅन केला होता का, हे जरूर विचारा. नुसत्या बी-स्कॅनवरून ‘कमी ते मध्यम परावर्तन’ लिहिले असेल, तर तो शब्द अंदाजाचा समजावा.

तुकडा काढण्याबद्दल तुमची अपेक्षा स्वाभाविक आहे, कारण शरीरातल्या बहुतेक गाठींचे निदान तसेच होते. डोळ्यातला मेलानोमा त्याला मोठा अपवाद आहे. तिथे अनुभवी डॉक्टरांनी केलेली प्रत्यक्ष तपासणी, सोनोग्राफी आणि डोळ्याच्या आतली छायाचित्रे यांच्या आधारे तुकडा न काढताच उपचार सुरू करण्याची रीत रुळलेली आहे. अमेरिकेत आणि कॅनडात 1980 च्या दशकात सुरू झालेल्या ‘कोलॅबोरेटिव्ह ऑक्युलर मेलानोमा स्टडी’ या मोठ्या अभ्यासात, काढून टाकलेल्या डोळ्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली तेव्हा आधीचे निदान चुकल्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आढळले. मात्र त्या गाठी मध्यम आणि मोठ्या होत्या. त्या अभ्यासात 2.5 मि.मी. उंची ही लहान आणि मध्यम गाठींमधली सीमारेषा होती, आणि आईंची गाठ नेमकी त्या रेषेजवळ घोटाळते आहे. इतक्या लहान गाठीचे निदान पहिल्याच भेटीत तितक्या खात्रीने सांगता येत नाही, म्हणूनच वाढ होते का हे पाहणे हाही निदानाचाच एक भाग ठरतो. सुई घालायची म्हटली तर दोन-अडीच मिलिमीटरच्या गाठीतून पुरेशा पेशी मिळतीलच असे नाही, आणि आत रक्तस्राव होण्याचा किंवा रेटिना सुटण्याचा धोका पत्करावा लागतो. निदान खरोखर अडले असेल, किंवा गाठीची जनुकीय तपासणी करून ती पसरण्याचा धोका किती आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर विशेषज्ञ सुईचा मार्ग निवडतात. केवळ घरच्यांच्या मनाची तगमग थांबवण्यासाठी सुईची तपासणी करू नये.

एमआरआयचे उत्तर थोडक्यात देतो: एवढ्या लहान गाठीची उंची मोजायला तो सोनोग्राफीपेक्षा सरस नाही. गाठ श्वेतपटल भेदून डोळ्याबाहेर गेल्याचा संशय असेल तर त्याचा उपयोग होतो आणि आईंच्या अहवालात तसे काही नाही. त्याऐवजी ओसीटी ही प्रकाशावर चालणारी तपासणी झाली नसेल तर ती करून घेण्याबद्दल विचारा. रेटिनाखालचे सोनोग्राफीला न दिसणारे पाण्याचे पातळ थर तिच्यात स्पष्ट दिसतात, आणि वर सांगितलेल्या लक्षणांपैकी एकाचा निकाल तिथेच लागतो. दर भेटीला डोळ्याच्या आतल्या भागाचे रंगीत छायाचित्रही घेतले पाहिजे, कारण पायथा पसरतो आहे का हे सोनोग्राफीपेक्षा त्या छायाचित्रात अधिक चांगले समजते.

नातेवाइकांनी घातलेली भीती मनातून काढून टाका. तपासणीत पापणीला जेल लावून मिटलेल्या डोळ्यावर, किंवा भूल देणारे थेंब घालून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर प्रोब हलकेच टेकवतात आणि आईंना वर, खाली, उजवीकडे, डावीकडे पाहायला सांगतात. डोळ्याला छेद जात नाही, आणि प्रोब टेकवल्याने गाठ फुटत किंवा पसरत नाही. किरणोत्सर्गाचाही येथे प्रश्न नाही, आणि ध्वनीच्या शक्तीवर डोळ्यासाठी अन्य अवयवांपेक्षा कितीतरी कडक मर्यादा घातलेली असते. डोळ्याला नुकतीच उघडी जखम झाली असेल तेव्हा मात्र प्रोब टेकवणे टाळतात. आईंना ते लागू नाही. डोळ्यात सिलिकॉन तेल किंवा वायू भरण्याची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असेल तर ते तपासणीआधी सांगावे, कारण सिलिकॉन तेलात ध्वनी बराच मंद चालतो आणि सगळीच मोजमापे फुगतात.

पुढे उपचाराची वेळ आलीच, तर आज कटकटीची वाटणारी ही मोजमापे फार उपयोगी पडतील. या आकाराच्या मेलानोमासाठी डोळा काढण्याऐवजी किरणोत्सर्गी चकती काही दिवस श्वेतपटलावर शिवून ठेवण्याचा उपचार सर्वमान्य आहे. चकती केवढी हवी हे पायथ्याच्या व्यासावरून आणि ती किती वेळ ठेवायची हे गाठीच्या उंचीवरून ठरते, कारण किरणांची ठरलेली मात्रा माथ्यापर्यंत पोहोचवायची असते. रुथेनियमची चकती साधारण 5 ते 6 मि.मी. उंचीपर्यंतच्या गाठींना पुरते. त्याहून उंच गाठींना आयोडीनची लागते. म्हणजे त्या बाबतीत 2.3 आणि 2.6 यांत उपचाराचा प्रकार बदलण्याइतका फरक नाही. चकती नेमकी गाठीखाली बसली आहे ना, हे शस्त्रक्रियेच्या वेळीही सोनोग्राफीने पाहता येते. उपचारानंतर गाठ सावकाश, महिनोन्‌महिने आक्रसत जाते आणि तिचे अंतर्गत परावर्तन वाढत जाते. असा अहवाल पुढे कधी हाती आला तर ‘वाढले’ हा शब्द वाचून दचकू नका, तो गुण येत असल्याचा पुरावा असतो.

राहिला पोटाच्या सोनोग्राफीचा प्रश्न. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या (लिंफ हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिका) नसल्याने तिथला मेलानोमा पसरलाच तर रक्तावाटे पसरतो, आणि बहुतांशी तो प्रथम यकृतात आढळतो. म्हणून मेलानोमाचे निदान झालेल्या रुग्णांचे यकृत ठरावीक काळाने तपासले जाते. आईंच्या डॉक्टरांनी ही तपासणी आत्ताच सांगितली आहे, याचा अर्थ यकृतात काही सापडले आहे असा नव्हे. एक तर त्यांचा संशय तुम्हाला सांगितला त्यापेक्षा अधिक ठाम असेल, नाही तर पुढच्या तुलनेसाठी आजची स्थिती नोंदवून ठेवण्याचा त्यांचा हेतू असेल. दोहोंपैकी कोणते, हे त्यांना सरळ विचारा; आणि पहिले असेल तर नेत्रकर्करोग विशेषज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या.